माटोळीच्या घागऱ्यांवर कोण थुंकलं?

चवथीच्या दोन दिवस आधी आमच्या मूळ घरी माटोळीची धांदल असते. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, कुळागरातली (म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतली) फळं-फुलं-शेंगा बांधतात, सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड, आंबाडे, तोरिंगण, कवंडळ, कांगलां, घागऱ्यो, असं बरंच काय काय. आता फोंड्याला, वाळपईला माटोळीचा बाजार भरतो आणि सगळं विकत मिळतं, पण आमचे अण्णा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, अजून अर्ध्याहून जास्त सामान स्वतः सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर, फिरून आणतात. यंदा त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी आणि माझा पुतण्या गेलो. तो सातवीत आहे आणि त्याला प्रश्न फार पडतात, त्यामुळे दोन तासांच्या कामाला चार तास लागले, पण मला ते चार तास हवेच होते.

घागऱ्यो म्हणजे ती पिवळ्या फुलांची झुडपं, शेंग वाळली की आत बिया खुळखुळ वाजतात ती. एक चांगलं भरलेलं झुडूप मिळालं, माती भिजलेली होती त्यामुळे फांदी तोडायला गेलो तर सगळं मुळासकटच हातात आलं, तसंच घेऊन घरी आलो. पडवीत ठेवलं तेव्हा काकीचं लक्ष गेलं. देठाच्या बेचक्यात पांढरा फेस, अगदी कोणीतरी आत्ताच थुंकल्यासारखा. "ईऽ, हे कोणीतरी थुंकलंय रे यावर, देवाला कसं चालेल? टाक ते बाहेर." पुतण्या शपथेवर सांगायला लागला की वाटेत कोणी भेटलंच नाही. मग मी बोटाने तो फेस हळूच बाजूला केला आणि आत ते दिसलं, फिकट पोपटी रंगाचं, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, दोन काळे ठिपके डोळ्यांचे, डोकं खाली करून देठाला चिकटलेलं. फेस काढल्याबरोबर ते गोंधळून देठावरून चालायला लागलं.

काकी वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "जीव आहे ना, मग राहू दे बाबा त्याला, माटोळीला दुसरी आण." तर आम्ही ते झुडूप एका जुन्या पत्र्याच्या डब्यात माती घालून लावलं आणि पडवीच्या कठड्यावर ठेवलं, आणि गणपती घरात असेपर्यंत मी आणि पुतण्या आरतीच्या आधी आणि आरतीच्या नंतर त्या डब्यासमोर बसलेलो असायचो.

ही थुंकी नाही हे मला आधीपासून माहीत होतं, पण ती नक्की काय आहे हे मी गेल्या काही वर्षांत वाचत वाचत समजून घेतलंय आणि जितकं वाचतो तितकं हे प्रकरण मला सोडत नाही, म्हणून आज सगळं एकदा लिहून काढतोय.

हे तुडतुड्यांच्या नात्यातले कीटक, इंग्रजीत यांना स्पिटलबग म्हणतात. आंब्याच्या मोहोरावर जे तुडतुडे येतात त्यांचे लांबचे भाऊबंद म्हणा. आपल्याकडे पश्चिम घाटात क्लोव्हिया, कॉस्मोस्कार्टा अशा वंशांतल्या जाती आहेत, आणि एक मचेरोटा नावाचं वेगळंच घराणं आहे ज्याची पिल्लं फेसाऐवजी फांदीवर चुन्याची छोटी नळी बांधून त्यात राहतात. फेस करतात ती फक्त पिल्लं. मोठा झालेला किडा फेस करत नाही, तो उघड्यावर राहतो आणि धोका दिसला की उडी मारतो. उडी म्हणजे काय उडी असते! २००३ साली केंब्रिजच्या माल्कम बरोज यांनी युरोपातल्या फिलीनस स्प्युमारियस या जातीची उडी मोजली, किडा जेमतेम ६ मिलिमीटरचा आणि उडी ७० सेंटिमीटर उंच, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या शंभर पटीहून जास्त.

पण पिल्लाला उडता येत नाही, पंख नाहीत, अंग मऊ, उन्हात दोन तास राहिलं तर सुकून जाईल. त्याच्याकडे आहे फक्त पाणी, आणि ते मात्र भरपूर. झाडात दोन प्रकारच्या नळ्या असतात, एक गोड रस पानांतून खाली नेणारी आणि दुसरी मुळांतून नुसतं पाणी वर नेणारी, झायलेम. बाकीचे बरेच रसशोषक किडे गोड नळी पकडतात, म्हणून तर आंब्याच्या तुडतुड्यांमुळे पानं चिकट होतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. हा पठ्ठ्या मात्र झायलेम पकडतो. त्यात पोषण जवळपास काहीच नाही, थोडे क्षार, अगदी नावाला अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं बांधायच्या विटा. म्हणून प्रचंड प्यावं लागतं आणि प्यायलेलं बहुतेक सगळं मागून सोडून द्यावं लागतं, दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दीडशे पटीहून जास्त.

आणि हे पाणी पिणंसुद्धा सोपं नाही. पानांतून वाफ होऊन पाणी जातं त्यामुळे झायलेममधलं पाणी वरून ओढलेलं, ताणलेलं असतं, भोक पाडलं म्हणून ते बाहेर येत नाही, उलट आत खेचून घेतं. २०२१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दाखवलंय की हा किडा एक मेगापास्कलपेक्षा जास्त ओढ निर्माण करू शकतो. हे मला आमच्या विहिरीवरून समजलं. वर बसवलेला सक्शनचा पंप दहा मीटरच्या खालून पाणी ओढूच शकत नाही, कितीही मोठी मोटर लावा, म्हणून तर पंप खाली उतरवावा लागतो. आणि या किड्याच्या डोक्यातल्या पंपाची ओढ शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या बरोबरीची! पुतण्याला हे सांगितलं तर तो विहिरीच्या कठड्यावर जाऊन खाली वाकून बघून आला, मग परत डब्यापाशी बसला, काही बोलला नाही बराच वेळ.

फेस कसा होतो ते आम्ही भिंगातून बघितलं. मागून पाणी येतं, त्यात शरीरातल्या ग्रंथींतून आलेले चिकट पदार्थ मिसळलेले असतात म्हणून फुगे पटकन फुटत नाहीत. पिल्लू पोटाचं टोक फेसाच्या बाहेर काढतं, हवा घेतं, आत नेतं, आणि भात्यासारखं पोट हलवत एक एक फुगा सोडतं. श्वाससुद्धा असाच, टोक बाहेर काढून, पाण्याखाली पोहणारे ती नळी लावतात ना तसं. डोकं खाली असल्यामुळे फेस हळूहळू ओघळत सगळं अंग झाकतो. आम्ही बाजूला केलेला फेस अर्ध्या तासात परत जवळपास पूर्ण झाला होता. आत गारवा, ओल, आणि मुंगीने तोंड घातलं तर तिच्या तोंडात फक्त फुगे.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. इतकं भक्कम घर असून आत हा किडा एकटा नसतो.

पहिले रहिवासी त्याच्या अंगातच, आणि ते मित्र आहेत. नुसत्या पाण्यावर जगायचं तर प्रथिनं कुठून येणार? या किड्यांच्या शरीरात खास कप्पे असतात आणि त्यात जिवाणू राहतात. एकाचं नाव सुल्सिया, तो या किड्यांच्या पूर्वजांबरोबर २६ कोटी वर्षांपासून चालत आलाय, आईकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात. काही जातींत दुसरा असतो, झिंडेरिया. जी आवश्यक अमिनो आम्लं सुल्सियाला करता येत नाहीत नेमकी ती झिंडेरिया करतो, दोघांनी मिळून किड्याचं ताट पूर्ण होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे, पण काकीला हे सांगायला गेलो तेव्हा ती मोदकांच्या सारणात होती, तिने फक्त "बरं बरं" केलं.

मग येतात ते, जे मित्र नाहीत.

युरोपात एक माशी आहे, व्हेरालिया ऑक्टा. मोठ्या डोक्याच्या माश्यांचं हे एक कुळ आहे, डोकं जवळजवळ गोल चेंडू आणि त्यावर सगळीकडे डोळेच डोळे, बाकी शरीर त्यामानाने बारीक, आणि गवताच्या पात्यांमधून एका जागी थांबून उडण्यात ह्या माश्या पटाईत. यातली बरीच मंडळी तुडतुड्यांच्या अंगात अंडी घालतात, व्हेरालिया घालते फेसवाल्या किड्यात. आता विचार करा, पिल्लू फेसात असतं तेव्हा आत जाणं कठीण, आणि मोठा किडा टणक असतो, शिवाय हाताला लागायच्या आत उडून जातो. मग माशी कधी गाठते? तर शेवटची कात टाकल्यानंतर, पंख नुकते आलेत, अंग अजून मऊ आहे, रंगसुद्धा धड चढलेला नाही, त्या थोड्या वेळात. एवढीच फट. आणि ती फट तिला बरोबर सापडते.

अंड्यातून निघालेली अळी किड्याच्या पोटात वाढते, आठवडेच्या आठवडे. किडा जगत असतो, पाणी पीत असतो, उड्या मारत असतो, बाहेरून बघितलं तर काही कळत नाही. पण त्याला पिल्लं होत नाहीत, जी ताकद अंड्यांत जायची ती सगळी अळीत जाते, शेवटी शेवटी पोट अळीनेच भरलेलं असतं. मग ती बाहेर पडते, किडा मरतो, अळी मातीत जाऊन कोष करते आणि तिथेच हिवाळा काढते. इंग्लंडात जॉन व्हिटाकर यांनी १९६९ साली ब्रिटनमधल्या या माश्यांचं जीवनचक्र लिहून ठेवलं, तेव्हा बाहेरच्या फार कोणाला त्याचं पडलेलं नसावं असं मला वाटतं. मग २०१३ मध्ये इटलीच्या दक्षिणेला पुलिया भागात ऑलिव्हची झाडं वाळायला लागली, शेकडो वर्षांची झाडं, लाखोंनी. कारण निघालं झायलेला नावाचा जिवाणू, जो झाडाच्या झायलेममध्ये वाढून नळ्या तुंबवतो, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्याला नेणारा हाच आपला फिलीनस. झायलेम पिणाराच झायलेमचा रोग नेणार. मग सगळ्यांना एकदम प्रश्न पडला की या किड्याला कोण खातं, आणि ते जुने निबंध परत उघडले गेले, उत्तर इटलीत व्हेरालियाचा नव्याने अभ्यास झाला, कॉर्सिका बेटावर त्याच फिलीनसच्या अंड्यांत वाढणारी ऊक्टोनस नावाची इवलीशी गांधीलमाशी सापडली. ऊक्टोनसचं घराणं म्हणजे फेअरीफ्लाय, पंखांना केसांची झालर असते त्यांच्या, आणि त्याच घराण्यात जगातला सगळ्यात छोटा प्रौढ कीटक आहे, एका जातीचा नर फक्त ०.१४ मिलिमीटरचा. अंड्याच्या आत दुसऱ्याचं अख्खं बालपण!

मला ह्या जुन्या निबंधांचं फार वाटतं. कोणीतरी गवतात गुडघ्यावर बसून हजारो किडे जाळीत धरून, एक एक उघडून आत अळी आहे का बघितलं, आणि ते पन्नास वर्षांनी दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्यांच्या झाडांसाठी उपयोगाला आलं.

अजूनही आहेत. अर्गोगोरायटिस नावाची एक गांधीलमाशी फेसालाच घाबरत नाही, सरळ आत पाय घालून पिल्लू ओढून काढते, डंख मारून बधिर करते आणि जमिनीतल्या बिळात आपल्या अळ्यांसाठी साठवते. (याच जातीच्या नराला युरोपातलं एक ऑर्किड फसवतं, फुलाचा वास आणि आकार मादीसारखा, नर फुलाशीच जुगायला जातो आणि परागकण घेऊन निघतो. म्हणजे फेसातलं पिल्लू, गांधीलमाशी आणि ऑर्किड एका धाग्यात.) अमेरिकेत क्लॅडोकीटा म्हणून चिलटं आहेत, आपल्याकडे पिकलेल्या केळ्यांवर जी चिलटं घोंघावतात त्यांच्याच घराण्यातली, त्यांच्या अळ्या थेट त्या फेसात राहतात, पिल्लाच्या अंगाला चिकटून. ज्या घराने मुंगी बाहेर ठेवली त्याच घरात दुसरा कोणी गादी टाकून बसलेला. आणि स्ट्रेप्सिप्टेरा म्हणून एक विचित्र गट आहे, त्यातल्या बहुतेक कुळांतली मादी आयुष्यभर दुसऱ्या कीटकाच्या अंगातच राहते, फक्त डोक्याकडचा भाग बाहेर डोकावतो, आणि नर पंख घेऊन बाहेर पडतो तो काही तासच जगतो, त्या काही तासांत त्याला मादी शोधायची. या गटाचे काही सदस्य फेसवाल्या किड्यांतही राहतात.

हे वाचून काही जण म्हणतील किती क्रूर आहे. मला तसं वाटत नाही, निदान आता वाटत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही कसंतरी झालं होतं, त्या किड्याबद्दल वाईट वाटलं. पण मग आमच्या कुळागरात जे झालं ते आठवतं.

चार-पाच वर्षांपूर्वी आंब्याला तुडतुडे आले होते, मानकुरादच्या दोन झाडांना, मोहोर गळायला लागला. अण्णांनी दुकानातून सांगितलेलं औषध आणलं आणि तीन वेळा मारलं, एकदा तर मोहोर पूर्ण फुललेला असताना. दुकानदाराने हे फुललेल्या मोहोरावर मारू नये ते सांगितलंच नाही. त्या वर्षी झाडाखाली मधमाश्या पडलेल्या मी स्वतः झाडून काढल्यात, आणि फळ तर धरलं नाहीच. पुढच्या वर्षी फवारणीच्या आधी मी भिंग घेऊन पानांखाली बसलो. एका तुडतुड्याच्या कुशीत काळपट पिशवीसारखं काहीतरी बाहेर आलेलं दिसलं, आधी वाटलं गाठ आहे. ती ड्रायनिड नावाच्या गांधीलमाशीच्या अळीची पिशवी होती. या माश्यांच्या मादीच्या पुढच्या पायांना खेकड्यासारखे चिमटे असतात, त्यांनी तुडतुडा धरायचा, अंडं घालायचं, सोडून द्यायचं. तो तुडतुडा अण्णांना दाखवला. अण्णांनी चष्मा वर करून खूप वेळ बघितलं आणि विचारलं, "म्हणजे मी मारलं ते याच्यासकट मेलं?" मी हो म्हटलं. त्या वर्षी त्यांनी फुललेल्या मोहोरावर काही मारलं नाही, आणि तेव्हापासून मारत नाहीत.

उसवाल्यांना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे. पायरिला नावाची कीड उसावर येते, तिच्या पाठीवर एपिरिकॅनिया नावाच्या पतंगाची अळी बसते आणि तिला शोषून मारते, पानांवर तिचे पांढरे कोष दिसतात. हे कोष दिसायला लागले की फवारू नका असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं, उलट कोष असलेली पानं कापून दुसऱ्या शेतात नेऊन बांधतात. सांगे, धारबांदोड्याकडच्या उसवाल्यांना विचारा.

फेसाबद्दल तर माझं सरळ म्हणणं आहे की आपल्या अंगणात, कुळागरात चार झाडांवर दिसला म्हणून औषधाची बाटली उघडू नका. तेवढ्याने झाडाला सहसा काही होत नाही. घाण वाटत असेल तर पाण्याचा फवारा मारा, पण त्याआधी एकदा फेस बाजूला करून आत बघा, मुलांना दाखवा.

आमच्या डब्यातल्या पिल्लाचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी फेस कमी व्हायला लागला, वरून पापुद्र्यासारखा वाळला आणि आत पोकळी राहिली, छोट्या खोलीसारखी. पुतण्या घाबरला की मेलं. पण कात टाकायच्या आधी ते असंच करतात, पाणी सोडणं थांबवतात आणि त्या वाळलेल्या फेसाच्या आत शेवटची कात टाकतात. चौथ्या दिवशी सकाळी आरतीच्या आधी तो ओरडत आला, "काका, आलं बाहेर, पंख आलेत!" कात देठाला तशीच चिकटलेली, आणि बाजूला किडा, अगदी फिकट, दुधी, पंखांतून पलीकडचं देठ दिसेल इतके पातळ. घरात झांजा वाजायला लागल्या होत्या तरी आम्ही दोघं तिथेच बसलो. डोळ्यांसमोर त्याचा रंग चढत गेला, दुपारपर्यंत तपकिरी झाला, पाठीवर फिकट पट्टे.

तो मऊ असतानाचा वेळ, हाच तो वेळ. पुतण्याला मी व्हेरालियाची गोष्ट आधीच सांगितली होती, त्यामुळे तो हातात वर्तमानपत्राची सुरळी घेऊन पहारा देत बसला होता. मी त्याला म्हटलं की माशीपण कोणाची तरी आईच आहे. त्यावर त्याने थोडा विचार केला, सुरळी खाली ठेवली, पण जागचा हलला नाही.

पाचव्या दिवशी विसर्जनाच्या आधी माटोळी उतरवली आणि डबा घेऊन आम्ही परत सड्यावर गेलो, जिथून झुडूप उपटलं होतं त्याच खड्ड्यात ते लावलं. किडा एका पानावर होता, मी बोट जवळ नेलं आणि तो नाहीसाच झाला, कुठे गेला ते दिसलंसुद्धा नाही. आसपास गवतात बघितलं तर आणखी सात-आठ ठिकाणी फेस. आणि तिथेच गुडघाभर गवतात, दोन पात्यांच्या मधोमध, एक बारीक काळी माशी एका जागी थांबून उडत होती, डोकं बाकी अंगाच्या मानाने केवढं तरी मोठं. पुतण्याने माझा हात धरला.

"काका, हीच काय?"

"ती युरोपातली. पण ही तिच्याच कुळातली."

ती थोडी पुढे सरकली, परत थांबली, पात्यांच्या टोकापासून बुंध्यापर्यंत खाली खाली बघत गेली, जसं कोणी घराचे नंबर वाचत जातं तसं. खालून अण्णांची हाक आली, गणपती उचलायची वेळ झाली होती. पुतण्या म्हणाला, अजून एक मिनिट.